तळ्यापलीकडची खिंड

"काका, फोन घ्या हो. थरथरून थरथरून टेबलावरून पडेल आता," कचेरीच्या प्रमुख बाई आपल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या.

काका त्या वेळी एका तळ्याच्या मधोमध होते. तळं अर्धं सपाट झालं होतं, आणि असं अर्ध्यावर सोडून उठलं की पुन्हा काठापासून सुरुवात करावी लागे. त्यांनी फोनकडे नजर टाकली. वहिनींचा होता. भर दुपारी वहिनींचा फोन म्हणजे काय, हे त्यांना आता न उचलताही कळायचं.

"भाऊजी, हे पुन्हा फाटकापाशी उभे आहेत. गणवेश घालून, टोपीबिपी घालून. गाडी का नाही आली म्हणून विचारतायत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"निघालीये म्हटलं, वाटेत आहे. दुसरं काय सांगणार? डॉक्टरच म्हणाले ना, वाद घालू नका, हो ला हो म्हणा. पण ऊन बघा केवढं आहे."

"येतो मी," काका म्हणाले आणि तळं तसंच टाकून उठले.

कचेरीत त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणत. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्यांची ही कचेरी होती, आणि विमान चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरसाठी जमीन तयार करून देणं हा तिचा धंदा होता. शिकणारा पोरगा बंद शेडमध्ये खुर्चीवर बसून समोरच्या पडद्यावर जे डोंगर, नद्या, मैदानं बघतो, ती सगळी इथे घडत. उपग्रह वरून रडारचा झोत टाकतो, झोत जमिनीवर आपटून परत जातो आणि त्यावरून कुठे किती उंची आहे ते कळतं. पाणी मात्र असल्या चौकशीला दाद देत नाही. झोत त्याच्यावरून भलतीकडेच घसरतो. म्हणून चांगलं शांत तळंसुद्धा कॉम्प्युटरवर उतरतं ते खड्डे, उंचवटे आणि मध्येच घराएवढा सुळका घेऊन. मग पाणी कुठवर आहे एवढंच सांगणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाची माहिती त्यावर ठेवायची, काठ ठरवायचा, पातळी ठरवायची, आणि आतल्या सगळ्या सुरकुत्या मोडून काढायच्या. काकांनी अर्धं आयुष्य हेच केलं होतं. नद्यांच्या नावाने तर ते बोटं मोडत, कारण त्यांना सपाट करून भागत नसे. त्या उताराकडेच वाहतायत हेही बघावं लागे.

साठी जवळ आली होती. डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरायला लागत. बायको म्हणायची, तुम्ही आमच्याकडेसुद्धा असेच बघता, कुठे उंचवटा राहिलाय का म्हणून. काका यावर हसायचे, पण हल्ली हसायचाही कंटाळा यायला लागला होता.

थोरला भाऊ म्हणजे दादा खरा वैमानिक. उभं आयुष्य त्यांनी एका छोट्या विमानातून टपाल आणि औषधं डोंगरापलीकडच्या वस्तीत नेऊन पोचवली. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. गेल्या वर्षापासून त्यांना वाटायला लागलं होतं की आपण अजून नोकरीत आहोत. भल्या पहाटे उठून ते बॅग भरत. वहिनींची झोप उडाली ती उडालीच.

काका पोचले तेव्हा दादा फाटकाच्या गजाला धरून उभे होते. कपाळावरून घाम ओघळत होता, पण टोपी काढलेली नव्हती.

"छोट्या, तू? तुला कशाला पाठवलं? ड्रायव्हर कुठाय?"

"आज उड्डाण रद्द झालं दादा. हवा खराब आहे पलीकडे."

दादांनी वर पाहिलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी भावाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काकांना नको ते दिसलं. दादांना कळत होतं की आपल्याला बनवलं जातंय. का बनवतायत एवढंच कळत नव्हतं.

"तुम्ही सगळे मला हो हो म्हणता," दादा आत येताना म्हणाले. "मला लहान मूल केलंय तुम्ही."

वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला. दादा खुर्चीत बसले आणि जरा वेळाने आपणहून बोलू लागले. विमानाचा विषय निघाला की त्यांची गाडी कधी अडत नसे. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, पण तो मार्ग मात्र त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता.

"उडालो की नदी डाव्या हाताला ठेवायची. ती सोडायची नाही. मग तळं येतं. पाणी दिसलं की मला कळायचं, आता बरोबर आहे. तळ्याच्या वरच्या कोपऱ्यावर आलो की उजवीकडे वळायचं. वळताना समोर नुसता डोंगर दिसतो, नवख्याची छातीच दडपते. पण थोडा दम धरला की डोंगराच्या खांद्यामागून खिंड उघडते. एक विमान जाईल एवढीच. ती ओलांडली की खाली वस्ती." त्यांनी हाताने हवेत वळण घेतलं. "हे मी झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"माहीत आहे दादा."

"म्हणजे बघ. बाकीचं गेलं तरी हे आहे."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या यंत्रावर यांना एकदा नेता नाही का येणार? एकदा जाऊन आले की कदाचित मनाचं समाधान होईल. मला आता उभं राहवत नाही हो."

वहिनी कधी काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. काका नाही म्हणू शकले नाहीत. खरं तर त्यांनाही ते हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी डोंगर उभे केले, एकदा भावासाठी करून बघू असं त्यांना वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग उघडला आणि कपाळाला हात लावला. तळंच नव्हतं.

उंचीची माहिती फार जुनी होती. ती गोळा झाली तेव्हा तळ्यात पाणी होतं, म्हणून तिथे तो ओळखीचा खडबडीत पट्टा दिसत होता. पाण्याची माहिती मात्र अलीकडची होती आणि तिच्या मते तिथे पाण्याचा थेंब नव्हता. मधल्या काळात तळं आटून गेलं होतं. दादांनी शेवटचं विमान उतरवल्यानंतर केव्हातरी, कुणाला न विचारता. कचेरीचा नियम साधा होता: दोन माहितींचं भांडण झालं की नवी खरी मानायची. विद्यार्थ्याला आज जे दिसणार तेच शिकवायचं.

काका बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, कामाला कडक होत्या आणि मनाने चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेगळी प्रत करा काका. त्यात हवं तर समुद्र आणा. पण ती विद्यार्थ्यांच्या प्रतीत मिसळली तर माझ्याबरोबर तुम्हीही घरी जाल. आणि कचेरीचं काम आधी."

"जेवणाच्या सुट्टीत करीन."

मग मूळ कच्च्या माहितीवरून वेगळी प्रत नव्याने सुरू करून काका त्या तळ्याच्या मागे लागले. पाण्याच्या जुन्या नोंदी उपसून त्यांनी दादांच्या उमेदीच्या वर्षांतलं तळं शोधून काढलं. कोणत्या ऋतूत काठ कुठे असायचा, ते बघितलं. दादांना विचारलं, तर दादांनी बोटाने टेबलावर काठ काढून दाखवला आणि तो जवळजवळ तसाच निघाला. वरच्या कोपऱ्यात पाण्यात शिरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. ती उंचीच्या माहितीत कशीबशी दिसत होती, काकांनी ती हाताने उभी केली. पाण्याचा रंग तीनतीनदा बदलला. सकाळी ते कसं चमकेल, त्यावर सुट्टीमागून सुट्टी घालवली. डबा टेबलावर तसाच राहायचा. आयुष्यात इतकं चांगलं तळं आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना स्वतःशीच वाटलं आणि बरं वाटलं.

बाकीची जमीन त्यांनी यंत्रावर सोपवली. रडार तिरपं बघतं, त्यामुळे डोंगराच्या आडोशाला, अरुंद घळींत त्याला काही दिसत नाही. तिथे माहितीत भोकं राहतात. ही भोकं आजूबाजूच्या उंचीवरून अंदाजाने बुजवायची सोय असते. काका एरवी ती कधी वापरत नसत. एकेक भोक उघडून, दुसरीकडची माहिती ताडून ते हाताने भरत. कचेरीतली पोरं यावरून त्यांची चेष्टाही करत. या वेळी मात्र डोक्यात तळं होतं. त्यांनी एक बटण दाबलं, यंत्राने भोकं बुजवली, आणि ते पुन्हा पाण्याकडे वळले.

सिम्युलेटर जुन्या धावपट्टीच्या कडेला एका शेडमध्ये होता. खऱ्याखुऱ्या विमानाचं कापलेलं नाक, आत दोन खुर्च्या, समोर अर्धगोलात पडदा. शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी दादांचं नाव ऐकलेलं होतं. ते दारापर्यंत घ्यायला आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. दादांना तो नमस्कार कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांची पाठ ताठ झाली. गणवेश वहिनींनी इस्त्री करून दिला होता.

दादा डावीकडच्या खुर्चीत बसले. मास्तर उजवीकडे. काका मागे, उभ्याउभ्या, दोन्ही खुर्च्यांच्या पाठी धरून.

"सर, काही आठवलं नाही तर मी आहे," मास्तर म्हणाले.

दादांचा हात आपसूक जिथे जायचा तिथे गेला. शर्टाचं बटण लावताना थरथरणारी बोटं इथे थरथरली नाहीत. धावपट्टी मागे पडली, जमीन खाली गेली आणि डाव्या हाताला नदी आली. दादा थोडे पुढे वाकले. त्यांचा चेहरा काकांना बाजूने दिसत होता. किती तरी महिन्यांनी तो चेहरा दादांचा दिसत होता.

"छोट्या, बघ. तळं."

तळं चमकत होतं. सकाळच्या उन्हात, काठाकाठाने गडद, मध्ये फिकट. कोपऱ्यातली ती चिंचोळी पट्टी पाण्यात बोट घातल्यासारखी दिसत होती.

"पाणी चांगलं आहे यंदा," दादा म्हणाले.

कोपरा आला. दादांनी उजवीकडे वळण घेतलं, असं सफाईदार की मास्तरांनी काकांकडे वळून भुवया उंचावल्या. समोर डोंगर उभा राहिला. छाती दडपावी असाच.

"आता दम धरायचा," दादा म्हणाले. "खांद्यामागून उघडेल."

डोंगराचा खांदा सरकला. त्यामागे डोंगरच होता.

काकांना क्षणात कळलं. तो उतार फार गुळगुळीत होता. त्याच्यावर एक घळ नव्हती, एक कडा नव्हता. असली जमीन निसर्ग करत नाही, यंत्र करतं, आणि हे काकांच्याइतकं कुणाला माहीत होतं? अरुंद खिंड रडारला दिसली नव्हती, तिथे भोक होतं, आणि यंत्राने ते भोक दोन्हीकडच्या डोंगरांवरून अंदाज काढून इमानेइतबारे बुजवलं होतं. एक बटण दाबून काकांनी भावाची खिंड बंद केली होती.

"खिंड..." दादा म्हणाले. ते डोळे बारीक करून बघत होते. डोंगर मोठा होत होता. "इथेच होती."

मास्तर पुढे सरकले, पण त्यांना काही करावं लागलं नाही. दादांनी शांतपणे विमान वळवलं. पुन्हा तळ्यावर आणलं, नदी उजव्या हाताला घेतली आणि परतीची वाट धरली.

"दिसली नाही तर फिरायचं. हट्ट करणारे डोंगरात जातात," ते मास्तरांना म्हणाले. शिकवण्याच्या सुरात म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

विमान त्यांनी अलगद उतरवलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दादा खुर्चीतून उठले नाहीत.

"दादा, ऐक. खिंड आहे," काका म्हणाले. "तू बरोबर होतास. मी ती बुजवली. म्हणजे यंत्राने बुजवली, मी बघितलं नाही. चूक माझी आहे."

दादांनी मागे वळून पाहिलं आणि काकांचा हात थोपटला.

"राहू दे छोट्या. लहानपणी पण माझं खापर आपल्या डोक्यावर घ्यायचास. काच मी फोडली की मार तू खायचास."

"तसं नाही दादा. खरंच माझी चूक आहे. मास्तर, सांगा ना तुम्ही."

"हो सर, जमिनीचाच दोष आहे," मास्तर म्हणाले. त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं आणि ते त्यांच्या आवाजात कळत होतं. हो ला हो म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज दादांच्या चांगला ओळखीचा होता.

"एवढंच एक उरलं होतं," दादा म्हणाले. "तेही गेलं म्हणायचं." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढचे काही दिवस काकांना फोन आला नाही. शेवटी न राहवून तेच गेले. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली होती.

"भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? बॅग भरणं बंद झालं. फाटकाकडे फिरकत नाहीत. त्याच रात्री मला म्हणाले, ती बॅग माळ्यावर टाक, मी आता जात नाही. कित्येक महिन्यांनी मी सलग झोपले."

काकांनी त्यांना खिंडीचं सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती. वहिनी ओला कपडा हातात धरून ऐकत राहिल्या.

"मग आता काय करणार?"

"खिंड उघडणार आणि त्याला पुन्हा नेणार. तो स्वतःला चुकलेला समजतोय वहिनी."

"समजू दे की." त्या कपडा पिळायला लागल्या, तो आधीच पिळलेला होता. "जन्मभर बरोबरच होते ना? एकदा चुकले असं वाटलं तर काय बिघडलं? पुन्हा ते फाटकापाशी उभे राहिले तर तिथे मी असणार आहे, तुम्ही नाही."

वहिनी बोलत होत्या त्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. काका परतले. खिंड त्यांनी दुसऱ्याच दिवशी उघडली. जुने नकाशे काढले, वरून घेतलेली चित्रं काढली, दोन्हीकडचे कडे हाताने उभे केले आणि मधली वाट मोकळी केली. काम फत्ते झालं आणि ते बघायला कुणी नव्हतं. विद्यार्थ्यांच्या प्रतीत बाईंनी ती खिंड तपासून घेतली. तिथे ती आधीपासूनच व्यवस्थित होती, कारण तिथली भोकं काकांनी नेहमीप्रमाणे हाताने भरली होती. बाई काही बोलल्या नाहीत. काकांना कुणीतरी बोललेलं चाललं असतं.

पुढच्या महिन्यात वहिनींचाच फोन आला. आवाज वेगळा होता.

"भाऊजी, त्यांना न्या एकदा."

"काय झालं?"

"काल पाण्याचा पेला समोर होता. मला विचारलं, पिऊ का म्हणून. बटण लावलं की विचारतात, बरोबर आहे का. स्वतःच्या घरात न्हाणीघर कुठाय ते माहीत असतं, तरी मला विचारून जातात. फाटकापाशी उभे राहायचे तेव्हा निदान स्वतःचे तरी होते हो. मला झोप नको. न्या त्यांना."

दादा यायला तयार नव्हते. मी कशाला, माझं काय काम, असं म्हणत राहिले. शेवटी काका म्हणाले, "दादा, मी चालवणार आहे. मला येत नाही. तू नुसता शेजारी बस आणि सांग." हे मात्र दादांना पटलं. धाकट्याला शिकवायला त्यांना नाही म्हणता आलं नाही. गणवेश त्यांनी घातला नाही. साध्या शर्टात आले.

या वेळी डावीकडच्या खुर्चीत काका होते. इतकी वर्षं जमीन घडवली पण तिच्यावरून स्वतः कधी उडाले नव्हते. विमान वळवायचा दांडा धरल्या धरल्या हाताला घाम सुटला. विमान धावपट्टीवरून उठलं ते झिंगल्यासारखं.

"नाक एवढं वर नको. खाली घे. अजून थोडं. आता सोड, ते आपलं आपण जातं," दादा म्हणाले.

नदी आली. काका एकदा तिच्या उजवीकडे जात, एकदा डावीकडे. दादांना हसू आलं, चक्क मोठ्याने, आणि मागे उभे असलेले मास्तरही हसले.

"डावीकडे ठेव रे तिला. कुठे पळत नाही ती."

तळं आलं. काकांना ते बघायचं भान नव्हतं. कोपरा आला तसं दादा म्हणाले, "वळ," आणि काका वळले, फार मोठं वळण घेतलं, पण वळले. डोंगर समोर आला. काकांनी दम धरला. खांदा सरकला, आणि त्याच्यामागून खिंड उघडली. दोन्हीकडे काळे कडे, मध्ये उजेडाची अरुंद फट आणि फटीच्या पलीकडे खाली हिरवं मैदान. दादांनी हाताने हवेत दाखवली होती तशीच.

"दादा, बघ. खिंड," काका म्हणाले. "तू म्हणाला होतास तशी. बघ ना, तू चुकला नव्हतास."

दादा बघत होते. मग ते सावकाश, समजावल्यासारखं म्हणाले,

"छोट्या, तिथे डोंगर आहे."

"नाही दादा. मोकळं आहे. उजेड दिसतोय बघ पलीकडचा."

"दिसतो. मलाही दिसायचा." दादांच्या आवाजात चीड नव्हती, काळजी होती. "मी आलोय ना इथे. मलाही वाटलं होतं खिंड आहे. जवळ गेलो तर डोंगर निघाला. खिंड नाहीये इथे. कधीच नव्हती."

"दादा, तू हजार वेळा गेलायस इथून."

"कुठे गेलोय?" दादा म्हणाले. त्यांनी खरोखर आठवून बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या, आणि मग मान हलवली. "नाही रे."

एवढं एक भावाच्या डोक्यात धड होतं आणि त्याच्यावरही आपण आपला डोंगर टाकला, हे काकांना कळून चुकलं. आता कुठलीही खिंड उघडून तो निघणार नव्हता. खिंड मोठी होत होती, कडे दोन्ही बाजूंनी जवळ येत होते आणि पलीकडचं मैदान स्पष्ट दिसायला लागलं होतं. सरळ धरलं असतं तर काही क्षणांत ते पार झाले असते.

दादांनी शेजारून हात लांब केला आणि काकांच्या हातावर ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा घट्ट.

"भिऊ नकोस," ते म्हणाले. "मी आहे."

काकांनी दांड्यावरून आपला हात काढून घेतला आणि दादांना विमान परत फिरवू दिलं.